आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

सरकारी पत्रव्यवहारात एक वाक्य असे आहे की ते लिहिणाऱ्याला सवयीने सुचते आणि वाचणाऱ्याची झोप उडवते. ‘आपल्याविरुद्ध नियमांनुसार कारवाई का करण्यात येऊ नये याचा खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत सादर करावा.’ माझ्या आजवरच्या नोकरीत या वाक्याखाली मी किती वेळा सही केली याची मोजदाद नाही. त्यांतल्या एका नोटिशीविषयी आज लिहायचे आहे, कारण ती चुकली होती आणि ती चूक माझी होती.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी सार्वजनिक क्षेत्रातील एका विमा संस्थेत प्रतिनियुक्तीवर होतो. ठिकाण महाराष्ट्रापासून दूर, पूर्वेकडच्या एका राज्यात. विमा एजंटांविरुद्धच्या तक्रारींत नोटीस काढणे आणि सुनावणी घेणे हे काम माझ्याकडे होते. एका तालुक्याच्या गावच्या एजंटाविरुद्ध तक्रार आली की जनावरे आधीच मेलेली असताना त्याने तीन गायींचा विमा उतरवला आणि मग भरपाईचे दावे दाखल करवले. जनावरांच्या विम्यात कानात बिल्ला ठोकतात, त्या बिल्ल्याचा क्रमांक पॉलिसीवर असतो आणि दाव्याच्या वेळी बिल्ला सादर करावा लागतो. या पद्धतीतल्या लबाड्याही जुन्याच आहेत. त्यामुळे तक्रार वाचताच ती खरी वाटली. संगणकाने काढलेल्या यादीत त्या तीन पॉलिसींसमोर या माणसाचा एजंट क्रमांक होता. मी नोटिशीचा मसुदा मंजूर केला. त्यात लिहिले होते की, ‘आपण पशुविमा पॉलिसींच्या बाबतीत गैरप्रकार केल्याचे निदर्शनास आले आहे.’ कोणत्या पॉलिसी, कोणाच्या गायी, कोणती तारीख यांपैकी काहीही त्यात नव्हते.

उत्तर हिंदीत, एका वहीच्या पानावर आले. ‘मी असे काही केलेले नाही. अकरा वर्षे इमानाने काम करीत आहे.’ एवढेच. कार्यालयाने टिपणी ठेवली की खुलासा मोघम व असमाधानकारक आहे. तरीही नियमाप्रमाणे सुनावणीची तारीख दिली. तो रात्रभर बसने प्रवास करून आला. मी त्याला बसायला सांगितले. तो म्हणाला, “साहेब, कोणत्या पॉलिसी?” माझ्या सहायकाने सांगितले की तपासाचे कागद गोपनीय असतात. मी त्यात दुरुस्ती केली नाही. “तुमचे म्हणणे काय ते सांगा,” असे मी म्हणालो. त्याने पुन्हा तेच सांगितले, की मी काही केलेले नाही. सुनावणी बहुधा दहा मिनिटांत आटोपली. आदेशात मी लिहिले की संबंधितास वैयक्तिक सुनावणीची पुरेशी संधी देण्यात आली, परंतु त्यास बचावार्थ काहीही ठोस मांडता आले नाही. त्याची एजन्सी रद्द झाली आणि परवाना रद्द करण्याची शिफारस पुढे गेली.

अपिलात वरिष्ठांनी मूळ प्रस्ताव अर्ज मागवले. त्या तीनही अर्जांवर दुसऱ्याच माणसाची सही निघाली. मधल्या काळात शाखेचे विभाजन होऊन एजंटांचे क्रमांक बदलले होते, आणि आमच्या या माणसाला मिळालेला क्रमांक पूर्वी दुसऱ्याकडे होता. तीनही पॉलिसी त्या जुन्या काळातल्या होत्या. एजन्सी पूर्ववत झाली, परंतु त्याला दहा महिने लागले. तोवर ज्यांच्या ट्रॅक्टरचा, दुकानाचा, जनावरांचा विमा तो दरवर्षी नूतनीकरण करून देई ते लोक दुसरीकडे गेले होते. आणि गावात ‘विम्यात घोटाळा केलेला माणूस’ ही ओळख कोणत्याही अपिलात रद्द होत नाही. खरा दोषी मात्र या सगळ्या काळात निर्धास्त होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असे. आणि फाशीचा हुकूम सुनावणी घेऊन दिलेला!

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. सुनावणीचा हक्क हा सुनावणीच्या दिवशी पाळला जात नाही किंवा मोडलाही जात नाही. तो नोटिशीचा मसुदा तयार होतो त्या टेबलावरच पाळला किंवा मोडला जातो. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? जो आरोप नोटिशीत नाही, त्याचे उत्तर जगातला कोणताही प्रामाणिक माणूस सुनावणीत देऊ शकणार नाही.

कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. नैसर्गिक न्यायाची दोन सूत्रे सर्वांना पाठ असतात. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, आणि कोणालाही त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय दोषी ठरवू नये. पूर्वी प्रशासन असे म्हणत असे की ही सूत्रे न्यायालयांसाठी आहेत, आम्ही तर केवळ प्रशासकीय निर्णय घेतो. ती पळवाट सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली ओरिसा राज्य विरुद्ध बीनापाणी देई या खटल्यात बुजवली. एका महिला डॉक्टरची जन्मतारीख सरकारने तिला नीट संधी न देता बदलून तिला निवृत्त केले होते. आदेश प्रशासकीय असला तरी त्याचे परिणाम माणसाच्या हक्कांवर होत असतील तर त्याला ऐकलेच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. १९६९ च्या क्रैपक खटल्याने प्रशासकीय आणि अर्धन्यायिक यांमधली भिंत आणखी पातळ केली.

पुढच्या निर्णयांत न्यायालयाचा रोख अधिकाधिक नोटिशीकडे वळलेला दिसतो. ओरिक्स फिशरीज खटल्यात (२०१०) सागरी उत्पादनांच्या एका निर्यातदाराची नोंदणी रद्द झाली होती. त्याला आधी नोटीस दिलेली होती, परंतु त्या नोटिशीतच त्याचा दोष सिद्ध झाल्याची भाषा होती. न्यायालयाने विचारले की मन आधीच बंद झाले असेल तर पुढची सुनावणी कशासाठी? नोटीस, आदेश सारेच रद्द झाले. गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस खटल्यात (२०१४) कंत्राटदाराला नोटीस मिळाली होती, परंतु काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे हे तिच्यात नमूद नव्हते. न्यायालयाने सांगितले की आरोपाबरोबर संभाव्य शिक्षाही नोटिशीतून स्पष्ट व्हायला हवी. कारण दंड होणार असेल तर माणूस एका प्रकारे उत्तर देतो आणि पोटावर पाय येणार असेल तर दुसऱ्या प्रकारे. २०२३ साली भारतीय स्टेट बँक विरुद्ध राजेश अग्रवाल या निर्णयाने कर्जखाते ‘फसवणूक’ म्हणून घोषित करण्यापूर्वी कर्जदाराला नोटीस आणि उत्तराची संधी आवश्यक ठरवली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जुलै २०२४ मध्ये आपले निर्देश सुधारले आणि उत्तरासाठी किमान २१ दिवसांची मुदत घातली.

थोडक्यात, चांगल्या नोटिशीचे तीन अवयव न्यायालयांनी आखून दिले आहेत. नेमका आरोप, त्याचा आधार असलेले कागद आणि संभाव्य शिक्षा. या तिन्हींबरोबर उघडे मन हवे. माझ्या त्या नोटिशीत तीनांपैकी एकही नव्हता.

आता विम्याकडे येऊ. विमा हा विश्वासाचा व्यवहार आहे. आज पैसे घ्यायचे आणि वर्षांनंतर, कदाचित देणारा हयात नसताना, वचन पाळायचे. म्हणून या क्षेत्रात परवाना देणे, निलंबित करणे आणि काढून घेणे हे अधिकार आवश्यकच आहेत. १९३८ च्या विमा कायद्यात ते पहिल्यापासून आहेत आणि १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नियामक प्राधिकरणाकडे ते आले. ज्या विधवेच्या नावावर एजंटाने पैसे घेऊन हप्ता भरलाच नाही, तिच्या बाजूने उभे राहणे हे नियामकाचे पहिले कर्तव्य आहे. सुनावणीच्या हक्काची बाजू घेणे म्हणजे गैरप्रकारांविषयी मवाळ होणे नव्हे. उलट योग्य माणसापर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग आहे.

संसदेनेही हे ओळखलेले दिसते. २०१५ च्या विमा कायदे दुरुस्तीने १०५-सी हे कलम आले. त्यात दंडाची कार्यवाही कशी करायची हे सांगताना संसदेने सुनावणी दोनदा लिहिली. प्रथम चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, आणि त्याचा अहवाल आल्यावर दंड ठरवण्यापूर्वी पुन्हा प्राधिकरणापुढे. पुढच्याच कलमात दंडाची रक्कम ठरवताना काय पाहायचे तेही सांगितले. मिळवलेला अवाजवी लाभ किती, पॉलिसीधारकांचे नुकसान किती, चूक पुन्हा पुन्हा झाली काय, या त्या कसोट्या. त्याच दुरुस्तीने प्राधिकरणाच्या आदेशावर मुंबईच्या रोखे अपील न्यायाधिकरणाकडे अपिलाची वाट मोकळी केली. कलम ४५ मधील एक तरतूद तर मला फार आवडते. प्रस्तावात खोटी माहिती दिली म्हणून कंपनीला आयुर्विम्याची पॉलिसी नाकारायची असेल, तर तिने त्याची कारणे आणि ज्या सामग्रीवर निर्णय आधारला आहे ती सामग्री, दोन्ही पॉलिसीधारकाला किंवा त्याच्या वारसांना लेखी कळवली पाहिजेत. नोटीस कशी असावी याचा याहून नेटका धडा मला कुठल्याही प्रशिक्षण संस्थेत मिळाला नाही.

परंतु ही सारी वाट कोणासाठी खुली आहे, हे पाहिले की मन अस्वस्थ होते. कंपनी, मोठा ब्रोकर, बँक यांच्याकडे वकील असतात. ते नोटिशीचे प्रत्येक वाक्य तपासतात, कागद मागतात, मुंबईला अपील करतात. एजंटाची गोष्ट वेगळी आहे. पूर्वी त्याचा परवाना नियामकाच्या नावाने निघत असे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती पद्धत संपली आणि एजंट नेमण्याचे काम विमा कंपन्यांकडे आले. २०१६ च्या विनियमांनी त्याची रचना आखली. कंपनीचा नियुक्त अधिकारी नेमणूक करील, तक्रार आल्यास कंपनीच चौकशी अधिकारी नेमील, कारणे दाखवा नोटीस निघेल, आदेश कंपनीचा अधिकारी देईल आणि अपीलही कंपनीचाच दुसरा अधिकारी ऐकेल. कागदावर पायऱ्या सगळ्या आहेत. पण जिना एकाच घरातला आहे.

शिवाय या आदेशाचा परिणाम त्या घरापुरता राहत नाही. काळ्या यादीतल्या एजंटांची एक मध्यवर्ती यादी असते आणि ती साऱ्या कंपन्यांना दिसते. म्हणजे एका कंपनीच्या अधिकाऱ्याने घेतलेला निर्णय देशभर लागू होतो. निर्णयाचे स्वरूप खाजगी आणि परिणाम सार्वजनिक, अशी ही विचित्र सांगड आहे. एजंट जर आयुर्विमा महामंडळाचा असेल तर त्याला उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग तरी आहे, कारण महामंडळ हे घटनेच्या दृष्टीने ‘राज्य’ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच सुखदेव सिंग खटल्यात ठरवले. खाजगी कंपनीच्या एजंटाला तो मार्ग इतका सरळ नाही. ज्याची कुवत सर्वांत कमी, त्याच्यासाठीच दार सर्वांत अरुंद!

इथे मला आम्हा सरकारी नोकरांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ ने आम्हाला कवच दिले आहे. दोषारोप कळवून वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय आम्हाला बडतर्फ करता येत नाही. अपवाद आहेत, परंतु ते मोजके आहेत. १९९३ च्या करुणाकर निर्णयाने तर चौकशी अहवालाची प्रत मिळण्याचा हक्कही आम्हाला दिला. आमच्यापैकी कोणावर आरोपपत्र आले की त्यातली प्रत्येक तारीख, प्रत्येक जोडपत्र आम्ही भिंग घेऊन तपासतो. एखादा कागद जोडला नसेल तर ‘नैसर्गिक न्यायाचा भंग’ म्हणून पहिला अर्ज आमचाच जातो. तोच अधिकारी जेव्हा दुसऱ्याला नोटीस काढतो तेव्हा छापील नमुन्यात नाव भरून मोकळा होतो. मीही झालो होतो. स्वतःच्या पगाराला जे संरक्षण हवे, ते दुसऱ्याच्या कमिशनला का नको, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

अधिकाऱ्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते मीही घेतले आहेत. पहिला आक्षेप वेळेचा. सुनावणीच्या नादात प्रकरणे रेंगाळतात, दोषी माणूस तारखा मागत राहतो आणि तोवर आणखी चार जणांना फसवतो. यात तथ्य आहे. म्हणूनच तात्पुरत्या निलंबनाचा अधिकार आहे आणि तो असावाच. पण निलंबन ही थांबण्याची खूण आहे, निकाल नव्हे. तातडी म्हणून आधी निलंबन केले, तर कारणे त्याच दिवशी कळवावीत आणि सुनावणी आठवड्यांत व्हावी. महिन्यांनंतर होणारी सुनावणी म्हणजे वरातीमागून घोडे. तोवर आदेश देणाऱ्याचा अहंकारही त्या आदेशात गुंतलेला असतो, आणि स्वतःची चूक मान्य करणारा अधिकारी मिळणे किती कठीण असते हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

दुसरा आक्षेप असा की दोष इतका उघड आहे की ऐकून तरी काय बदलणार? न्यायालयेसुद्धा आता विचारतात की नोटिशीतल्या त्रुटीमुळे प्रत्यक्ष हानी काय झाली. १९९६ च्या स्टेट बँक ऑफ पतियाळा विरुद्ध एस. के. शर्मा या निर्णयापासून ही कसोटी रुजली आहे. ती योग्यच आहे. एखादा क्षुल्लक कागद दिला नाही म्हणून प्रत्येक आदेश कोसळू नये. पण ही कसोटी न्यायालयाने मागाहून लावायची आहे. अधिकाऱ्याने ती आधीच लावून ‘याला ऐकून काही उपयोग नाही’ असे ठरवायचे नाही. माझ्या त्या प्रकरणात संगणकाची यादी, तक्रारदाराचा जबाब आणि मोघम खुलासा असे सगळे कागद एकाच दिशेला बोट दाखवत होते. त्याहून उघड प्रकरण मी पाहिले नव्हते.

तिसरा आक्षेप गोपनीयतेचा. तक्रारदाराचे नाव कळले तर त्याला त्रास होईल. मान्य. नाव झाका. पण पॉलिसीचा क्रमांक, तारीख, रक्कम ही कोणाची गुपिते नाहीत. गोपनीयतेच्या नावाखाली आपण बहुतेक वेळा तक्रारदाराला नव्हे, स्वतःच्या अपुऱ्या तपासाला झाकत असतो.

मी शिकलो अर्थशास्त्र, कायदा मागाहून फायलींतून शिकलो. त्यामुळे हा प्रश्न मला हिशेबाच्या अंगानेही दिसतो. कोणत्याही शिक्षेच्या व्यवस्थेत दोन प्रकारच्या चुका होतात. दोषी सुटतो किंवा निर्दोष सापडतो. अधिकाऱ्यांना वाटते की सुनावणी वाढवली की दुसरी चूक कमी होते पण पहिली वाढते, आणि म्हणून ती एक प्रकारची दया आहे. हे गणित चुकीचे आहे. माणूस चुकीचा पकडला गेला की एकाच वेळी दोन्ही चुका होतात, कारण निर्दोष सापडतो आणि दोषीही सुटतो. शिवाय ज्या घटनेविषयी आपण निर्णय घेत आहोत, तिच्याविषयी सर्वाधिक माहिती बहुधा आरोप असलेल्या माणसाकडेच असते. शाखेचे क्रमांक बदलले होते हे त्या एजंटाला तोंडपाठ होते. तीन पॉलिसींचे क्रमांक नोटिशीत असते तर वहीच्या त्याच पानावर त्याने ते लिहिले असते. ती माहिती मिळवायला आम्हाला एक ओळ जास्त टंकावी लागली असती. ती वाचवली आणि दहा महिने, एक अपील आणि एका माणसाची रोजी खर्ची घातली. सुनावणी ही आरोपीवर केलेली मेहेरबानी नसून निर्णय घेणाऱ्याची दृष्टी आहे, हे मला त्या प्रकरणाने शिकवले.

आणि ही काही साहेबाकडून उसनी घेतलेली कल्पना नव्हे. मराठेशाहीतील निवाडपत्रे पाहिली तर त्यांत वादी आणि प्रतिवादी दोघांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या, सविस्तर नोंदलेल्या दिसतात. दोघांचे लेखी करीने असतात, दोघांकडून जामीन घेतलेले असतात. गोताने किंवा सभेने काय ठरवले ते सगळ्यात शेवटी येते. निकाल ज्याच्या विरुद्ध गेला त्याचे म्हणणेही त्याच कागदावर, त्याच शाईने लिहिलेले राही. आमच्या छापील आदेशांत ‘खुलासा असमाधानकारक’ या दोन शब्दांत जे संपते, त्याला तिथे कितीतरी ओळी मिळत.

हा विषय आज लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने विमा कायद्यांत मोठी दुरुस्ती मंजूर केली. विमा कंपन्यांतील परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ टक्क्यांवरून १०० टक्के करणे ही तिची ठळक बाजू सर्वांनी वाचली. त्याच दुरुस्तीने गैरमार्गाने मिळवलेला लाभ परत घेण्याचा अधिकारही प्राधिकरणाला दिला आहे. हे स्वागतार्ह आहे. पण अधिकाराची धार वाढली की तो चालवणाऱ्या हाताची जबाबदारी वाढते. बाजारात नव्या कंपन्या येतील, एजंटांची संख्या वाढेल, तक्रारी वाढतील आणि त्यांचा निपटारा करण्यासाठी पुन्हा छापील नमुना पुढे येईल. संगणकाने तयार केलेल्या यादीतून नाव आणि क्रमांक आपोआप नमुन्यात पडतील. माझ्या प्रकरणात चूक संगणकाच्या यादीतूनच आली होती, हे विसरू नये.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. पहिला, नोटिशीत पॉलिसी क्रमांक, तारखा, आरोपित कृत्य, कोणत्या नियमाचा भंग, आधारभूत कागदांच्या प्रती आणि कमाल संभाव्य शिक्षा असल्याशिवाय ती जावक होऊच नये. दुसरा, नोटीस इंग्रजीबरोबर त्या माणसाच्या भाषेतही असावी. बडोद्याला, इंदूरला, हैदराबादला राहणाऱ्या मराठी माणसाला परक्या भाषेतला सरकारी कागद हातात आल्यावर काय वाटते हे मी वेगळे सांगायला नको. तेच छत्तीसगडच्या किंवा ओडिशाच्या खेड्यातल्या एजंटाला इंग्रजी नोटीस पाहून वाटते. तिसरा, बजावणी खरी झाली पाहिजे. ‘पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा घेऊन परतलेल्या लखोट्यावर एकतर्फी आदेश काढण्यापूर्वी एक दूरध्वनी करायला काही हरकत नसावी. ज्या एजंटाच्या भ्रमणध्वनीवर विक्रीची उद्दिष्टे रोज पाठवता येतात, त्याला नोटीस पोहोचत नाही हे पटण्यासारखे नाही.

चौथा, जो ऐकेल त्यानेच आदेश लिहावा. १९५९ च्या गुल्लापल्ली नागेश्वर राव खटल्यात सचिवाने ऐकले आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती सुनावणी निरर्थक ठरवली होती. हा दोष इतक्या वर्षांनंतरही कार्यालयांतून पुरता गेलेला नाही. पाचवा, आदेशात बचावाचा प्रत्येक मुद्दा लिहून त्याच्यापुढे उत्तर द्यावे. उत्तर लिहिता येत नसेल तर बहुधा आदेश चुकीचा आहे. आणि सहावा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा. मध्यवर्ती काळ्या यादीत नाव टाकणाऱ्या आदेशावर एक तरी अपील त्या कंपनीच्या बाहेर असावे. प्रत्येक एजंटाला मुंबई गाठायला लावण्याची गरज नाही. प्रादेशिक पातळीवर एखादा स्वतंत्र अधिकारी, कागदांवरून आणि गरज पडल्यास दूरदृश्य सुनावणीने, महिन्याभरात निर्णय देऊ शकेल. तोंडी सुनावणी प्रत्येक प्रकरणात लागते असेही नाही. नोटीस नेमकी असेल तर पुष्कळदा लेखी उत्तर पुरेसे होते. नोटीस मोघम असेल तर मात्र दहा सुनावण्याही अपुऱ्या आहेत.

त्या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली. नोटिशीचा मसुदा समोर आला की तो मला आला आहे असे समजून वाचतो. मी काय विचारीन? ज्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर सापडत नाही, त्या प्रश्नासकट मसुदा परत पाठवतो. सहायक कधी कधी कंटाळतात. त्यांना मी ही गोष्ट सांगितलेली नाही. रात्रभर बसने प्रवास करून आलेल्या त्या माणसाने माझ्या खोलीत एकच प्रश्न विचारला होता, आणि त्या संपूर्ण फायलीत मुद्द्याला धरून विचारलेला तेवढा एकच प्रश्न होता. “साहेब, कोणत्या पॉलिसी?” त्याचे उत्तर माझ्या टेबलावर, माझ्या हाताखालच्या फायलीत होते.